घराला चाकं आहेत, मोरीचं काय?

आम्ही सहा दिवस भाड्यानं घेतलेली मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची गाडी, चांगली होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की ही बाई पुण्याहून निघाली तीच भांडायला. गाडी चांगली, गादी बरी, आणि चावी देणारा मुलगा तर इतका गोड की घरी बोलावून पोहे करून घालावेत. तरी पाचपैकी तीनच तारे दिले आहेत. का, ते लिहिते.

मी बँकेतून निवृत्त झाले गेल्या जूनमध्ये. हे त्याआधी दोन वर्षं, भोसरीच्या एका टूलरूममधून. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात नाहीतर मुलाकडे परदेशी. आमच्याकडे वर्षभर रात्री जेवताना एका परदेशी जोडप्याचे मोटरहोमचे व्हिडिओ चालायचे. ते दोघं कुठल्याशा तळ्याकाठी गाडी लावणार, दार उघडून खुर्च्या टाकणार, कॉफी पिणार. मधेच दहा सेकंद तो गृहस्थ एका पाइपातून सांडपाणी जमिनीतल्या जाळीत सोडताना दिसायचा. नेमकं तेव्हाच आम्ही ताक वाढून घ्यायचो. ती दहा सेकंदं नीट बघितली असती तर आमची सहल वेगळी झाली असती.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुण्यात अशा गाड्या भाड्यानं देणाऱ्या आणखी दोघांना मी फोन केले होते आणि सांडपाण्याच्या बाबतीत तिघंही सारखेच निघाले. मग एकालाच कशाला चव्हाट्यावर आणा? भाडं दिवसाला ८,५०० रुपये, वर जीएसटी, अनामत २५,०००, रोजची मर्यादा २०० किलोमीटर. सहा दिवस, पाच रात्री. पुणे, ताम्हिणी, हरिहरेश्वर, मग किनाऱ्यानं खाली गणपतीपुळ्यापर्यंत आणि आंबा घाटातून परत, असा बेत ह्यांनी आखला. गाडी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, म्हणजे मूळची आपल्या आकुर्डीच्या फोर्सची. लांबी वीस फूट, आणि छतावरचा एसी धरून उंची ९ फूट ४ इंच. हा आकडा ह्यांनी चिकटपट्टीवर लिहून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात डकवला. टूलरूमच्या माणसाला मापं डोळ्यांसमोर लागतात.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण ह्यावर लोक नुसतेच घाबरतात. आपल्या नेहमीच्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ही गाडी चालते. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असलं की पुरे, आणि हिचं त्याच्या बरंच खाली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर व्यावसायिक गाडीसाठीही त्या वजनापर्यंत वेगळा शेरा लागत नाही असं स्पष्ट केलं आहे. आपण स्वतः चालवायला भाड्यानं घेतो त्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे हवेत. पांढरी पाटी दिसली तर ती कुणाची तरी खासगी गाडी आहे असं समजा आणि अपघात झाला तर विमा कोण देणार हे तिथल्या तिथे विचारा. आतली बांधणी कशी असावी ह्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. ही मानकं काढणारी एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आपल्या वेताळ टेकडीवर. हे सकाळी तिथे फिरायला जातात, त्यामुळे जणू संस्था ह्यांच्याच मालकीची असल्यासारखं त्यांनी त्या गोड मुलाला मानकाबद्दल पंधरा मिनिटं ऐकवलं. मुलानं आरसी दाखवली. त्यावर कॅराव्हॅन अशी नोंद होती. इथे पूर्ण गुण.

गाडी ताब्यात देताना त्यानं अर्धा तास सगळं समजावलं. हा चांगल्या पाण्याचा टँक, ११० लिटर. हा वापरलेल्या पाण्याचा, ७० लिटर. हा फ्रिज, हे इंडक्शन, ही कॅसेट, म्हणजे संडासाची बाहेरून ओढून काढायची पेटी, आणि त्यात टाकायचं हे निळं औषध. मी विचारलं, "वापरलेलं पाणी कुठे सोडायचं?"

"कुठेही मॅडम. म्हणजे, योग्य जागा बघून."

सदतीस वर्षं बँकेत काढल्यावर 'योग्य' हा शब्द कागदावर कोण आणि कधी लिहितो ते मला चांगलं कळतं. तरी मी गप्प बसले. निघायची घाई होती.

चांदणी चौक सोडला, भूगाव, पिरंगुट, पौड. मुळशीच्या पाण्याकाठी आम्ही पहिल्यांदा दार उघडून खुर्च्या टाकल्या आणि चहा केला. कॉफी नव्हे. शंभर वर्षांपूर्वी ह्याच धरणासाठी गावं बुडाली आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे ह्यांनी दर खेपेप्रमाणे सांगितलं आणि मी दर खेपेप्रमाणे ऐकलं. तो चहा मात्र खरंच अप्रतिम झाला. स्वतःच्या भांड्यात, स्वतःच्या आल्याचा, आणि कप विसळायला स्वतःचा नळ. मोटरहोमची सगळी जादू ह्या पहिल्या अर्ध्या तासात आहे, हे मी कबूल करते.

मग ताम्हिणीचा उतार लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत उतरत होती आणि मागून आमच्या स्वयंपाकघराचे आवाज येत होते. कपाटांना खटके आहेत, पण ते 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावे लागतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. एका वळणावर वरचं कपाट उघडलं आणि माझ्या आईच्या हातच्या मापानं केलेल्या गोड्या मसाल्याचा डबा थेट गादीवर उपडा झाला. पुढचे पाच दिवस आम्ही आमटीत झोपलो. हे म्हणाले, "निदान मच्छर तरी येणार नाहीत." आले.

पहिली रात्र हरिहरेश्वरला, एका घरगुती खानावळीच्या आवारात. गाडी लावायचे आणि नळाचे पाचशे रुपये. ह्या पहिल्या रात्रीनं विजेचा धडा दिला. जाहिरातीत लिहिलंय, 'रात्रभर थंडगार झोप.' आता हिशेब बघा. बॅटरी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार २,४००, म्हणजे अडीच युनिटांनाही जरा कमीच. एसी एक टनाचा, तो हजार-अकराशे वॉट ओढतो. भागाकार चौथीतला आहे. आम्ही नऊला एसी लावला आणि सव्वाअकराला एसी, फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, सगळं एकदम गप्प झालं. छतावर ३०० वॉटची सौर पट्टी आहे. फेब्रुवारीच्या छान उन्हात तिच्यातून दिवसाला दीडेक युनिट येतं, म्हणजे रिकामी बॅटरी एका दिवसात भरत नाही. चालत्या गाडीवर थोडं चार्जिंग होतं, पण आमच्यासारखे रोज शंभर किलोमीटर जाणारे किती भरणार? बाहेरून वीज घ्यायची वायर दिली आहे, तिला मोठी पिन. कोकणातल्या पडवीत असतो तो लहान प्लग, एका बल्बचा. पहिल्या घरी आम्ही जोडणी करून बघितली आणि त्यांच्या देवघरातला दिवासुद्धा गेला. त्या घरच्या आजोबांनी काही न बोलता फ्यूज बसवला, पण बघितलं असं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

तेव्हा एसी विसरा. दोन पंखे आहेत, ते उत्तम चालतात, खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि माघ महिन्यात पहाटे चादर लागते. कुणी मे महिन्यात घेणार असेल तर फक्त एवढंच सांगते की घेऊ नका.

झोपण्याचंही सांगते. पलंग गाडीच्या मागच्या टोकाला, आडवा. माझी उंची पाच फूट एक, मी मजेत मावले. हे पाच फूट दहा. ते तिरके झोपायचे, त्यामुळे मला त्रिकोण उरायचा. चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी एवढ्या कमी क्षेत्रफळात झोपले नव्हते. तिसऱ्या रात्रीपासून मी पुढच्या बाकावर झोपायला लागले आणि आमचे संबंध सुधारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बागमांडल्याहून फेरीबोटीनं बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. गाडी बोटीवर चढवताना मी श्वास रोखून धरला होता, पण ती लोण्यातून सुरी जावी तशी चढली. पेशव्यांच्या श्रीवर्धनाच्या अंगणातून निघून अर्ध्या तासात नाना फडणवीसांच्या वेळासला पोचलो. शनिवारवाड्यातलं निम्मं राजकारण ह्या एका खाडीच्या दोन काठांवरून आलं, ह्याची मला उगाच गंमत वाटली. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायचं होतं. अंड्यांच्या जागेवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या, खाली नुसती वाळू होती. हंगामाचे पहिलेच दिवस होते. एक गोष्ट मात्र तिथल्या कार्यकर्त्यानं आमची गाडी बघताच सांगितली. वाळूवर गाडी घालायची नाही. कंपनीच्या जाहिरातीत नेमका तोच फोटो आहे, लाटांच्या काठावर उभी गाडी. वीस फुटांची, तीन-साडेतीन टनांची गाडी तिथे उभी केली तर भरती यायच्या आत ती काढायला जेसीबी लागेल. आणि ती ज्या वाळूवर उभी असेल त्या वाळूत अंडी असतील.

केळशीहून आंजर्ल्याचा रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली की दोघांपैकी एकानं मागे जायचं. एसटी मागे जात नाही, हे आपल्या राज्याचं न लिहिलेलं कलम आहे. मागचा कॅमेरा धूसर, म्हणून मी खाली उतरून 'येऊ द्या, येऊ द्या' करायची. कुठल्याही पुणेरी गल्लीत हे काम करणारा एक माणूस आपोआप उगवतो. इथे मीच. एकदा मी 'येऊ द्या' म्हणता म्हणता 'बास' म्हणायला अर्धा सेकंद उशीर केला आणि एका वईच्या चिऱ्याला बंपर टेकला. ह्यांनी तो अर्धा सेकंद पुढे दोन दिवस काढला. ओरखडा पडला नव्हता, हे नोंदवून ठेवते.

आंजर्ल्याला दुसरा मुक्काम. कड्यावरच्या गणपतीला सकाळी जाऊन आलो. उजव्या सोंडेचा आहे, त्यामुळे माझ्या सासूबाई असत्या तर सोवळ्याचं काय, हा प्रश्न आला असता आणि गाडीत सोवळं वाळत घालायला दोरी बांधावी लागली असती. पण ह्या मुक्कामी खरा प्रश्न समोर आला तो वेगळा. वापरलेल्या पाण्याच्या टँकचा लाल दिवा लागला. सत्तर लिटर म्हणजे दोन माणसांच्या दोन अंघोळी, दोन वेळचं भांडी घासणं आणि तांदळाचं धुवण. कुठे ओतायचं? रस्त्याकडेच्या गटारात? बहुतेक ठिकाणी गटार नाहीच. असलं तर ते खाली कुणाच्या तरी वाडीत उतरतं. शेतात? कुणाच्या? घरमालकीणबाईंनी कॅसेटचं औषध बघितलं आणि हात जोडले. "बाई, हे आमच्या टाकीत नको. मागे एकानं ओतलं, पावसापर्यंत वास जाईना." बाईंचं बरोबर होतं. संडासाच्या टाकीत मैला कुजवण्याचं काम जिवाणू करतात आणि ते निळं औषध त्यांनाच मारण्यासाठी बनवलेलं असतं. कंपनीनं आम्हाला ते दोन लिटर दिलं, पण कुठे ओतू नये ह्याचा एक शब्दही नाही. त्या दिवसापासून कॅसेट फक्त रात्री-अपरात्रीच्या अडचणीसाठी, आणि औषधाऐवजी नुसतं पाणी. सकाळी बाहेर काढून त्यांच्या टाकीत ओतायची परवानगी मग लगेच मिळाली. हे काम ह्यांनी केलं. लग्नात घेतलेल्या वचनांत हे नव्हतं, पण सप्तपदीत सातवं पाऊल मैत्रीचं असतं म्हणतात.

राखाडी पाण्याला, म्हणजे अंघोळी-भांड्यांच्या वापरलेल्या पाण्याला, मात्र त्यांनीही नाही म्हटलं. त्यांची मोरीच तुंबली होती. म्हणून भरलेला टँक घेऊन आम्ही तिसऱ्या दिवशी निघालो. हर्णै, मुरुड, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांचं मुरुड. कर्वे रस्त्यावर चाळीस वर्षं सिग्नलला उभं राहिल्यावर एकदा तरी इथे यायला हवं होतं. तिथे रेंगाळलो, मग दापोलीत पोटभर जेवलो, आणि दाभोळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. दिवस माघी पौर्णिमेचा. ही तिथी लक्षात ठेवा.

आता धक्का कसा असतो ते सांगते. सिमेंटचा उतार पाण्यात गेलेला. बोट तोंडाशी येते आणि आपली लोखंडी फळी त्या उतारावर टेकवते. भरती असेल तर बोट वर, उताराच्या माथ्याजवळ, आणि सगळं जवळजवळ सपाट. ओहोटी असेल तर बोट खाली गेलेली. मग गाडी आधी उतारावरून खाली जाते आणि लगेच फळीवरून वर चढते. दोन्हींच्या मधे इंग्रजी व्ही. स्विफ्टला काही होत नाही. आमच्या गाडीचं मागचं चाक संपल्यावर साडेचार-पाच फूट घर मागे लोंबतं. आणि त्या लोंबत्या घराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, सगळ्यात पुढे आलेली वस्तू कुठली, तर सांडपाण्याच्या टँकची तोटी.

बोटीवरचा माणूस 'हळू, हळू' म्हणत होता. ह्यांनी हळूच घेतली. पुढची चाकं फळीवर चढली, नाक वर गेलं, शेपूट खाली गेलं आणि सिमेंटवर 'कर्रर्र' असा आवाज आला. नंतर धो-धो. आमचं दोन दिवसांचं सगळं, अंघोळी, आमटी, तांदळाचं धुवण, दाभोळच्या धक्क्यावरून आमच्या मागच्या रिक्षेखाली वाहत गेलं. पाट्या घेऊन बोटीला आलेल्या कोळणी बाजूला झाल्या. एक म्हणाली, "अहो, घर गळतंय तुमचं." दुसरी हसता हसता खाली बसली. मला रडू यायच्या बेतात होतं, पण तिचं हसणं बघून मीही हसायला लागले. हे गाडीखाली डोकं घालून होते, त्यामुळे त्यांनी हे पाहिलं नाही. नंतर मी सांगितलंही नाही.

बोटीवर तिकीट फाडणाऱ्या मुलानं विचारलं, "पौर्णिमेला संध्याकाळी कशाला आलात?" मग त्यानं जे सांगितलं ते ह्या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. त्यापुढे सहा तासांनी, म्हणजे सव्वापाचच्या सुमाराला, ओहोटी तळाला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, तसं पाणी उतरतंही सगळ्यात खोल. मी तिथेच मागचा हिशेब केला. आदल्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे साडेदहाची भरती, आणि आम्ही दहाला बागमांडल्याला. म्हणून ते लोणी आणि ती सुरी. आमचं कौशल्य नव्हतं, चंद्राची कृपा होती. कंपनीला किनाऱ्याचा सगळा मार्ग सांगितला होता. तीन खाड्या, तीन फेऱ्या. गुळगुळीत कागदावरच्या चोवीस पानी माहितीपत्रकात संगीताच्या यंत्रणेला चार पानं आहेत, भरती-ओहोटीला एकही ओळ नाही.

धोपाव्याला उतरून गुहागरला पोचेपर्यंत अंधार. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. रात्री आठला तिसऱ्या रिंगला उचलला, ह्याचा अर्धा तारा देते. "मॅडम, तोटी बंद होत नसेल तर वरचं पाणी वापरू नका." म्हणजे घर आहे, पण मोरी नाही, तर राहू नका! ह्यांनी तोवर सायकलची जुनी ट्यूब आणि एम-सील मिळवलं होतं. टॉर्च मी धरला, तासभर. टूलरूमच्या माणसाला असा प्रसंग वर्षातून एकदा यायला हवा, तब्येतीला चांगला असतो. तोटी फुटली होती ती फुटलेलीच, पण त्यांनी तिच्या जागी तोंडाला बूच आणि त्याला एक आखूड नळी अशी सोय केली, आणि थेंबसुद्धा गळेना.

गुहागरला ज्यांच्या वाडीत गाडी लावली त्या काकूंना मी दबकत विचारलं, की आमचं पाणी कुठे सोडू. त्यांनी आधी उलटा प्रश्न केला. "साबण कुठला?" मी भांड्यांचा हिरवा द्रव दाखवला. त्यांनी नाक मुरडलं. "हा नको. राख देते, रिठे देते. मग सोडा केळीत." आणि नळीचं टोक स्वतः ओढत केळीच्या आळ्यात नेऊन टाकलं. त्यांच्या घरातल्या मोरीचं पाणीही दगडी पन्हळीतून तिथेच येत होतं. आमच्या सत्तर लिटरची ज्याला-त्याला वाटणारी अडचण, ती त्यांच्या केळीला पुरतसुद्धा नव्हती. पण नळी आखूड, म्हणून गाडी केळीला जवळजवळ चिकटवून लावावी लागली. दहा-बारा फुटांची एक लवचिक नळी गाडीत असती तर पडवीजवळ, प्लगाजवळ आणि सावलीत लागली असती. आम्ही तिथे एकाऐवजी दोन रात्री राहिलो. व्याडेश्वराचं देऊळ, सकाळी ओल्या वाळूवर चालणं, दुपारी काकूंच्या हातची सांदणं आणि कुळथाचं पिठलं. त्यांच्याकडे जेवत असल्यानं आमचं स्वयंपाकघर तसंच पडून राहिलं. खोलीही रिकामी होती, बाराशे रुपयांत. हे वाक्य लिहिताना ८,५०० हा आकडा डोळ्यांसमोर आला नाही असं म्हणणार नाही.

पाचव्या दिवशी वद्य द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. आम्ही हेदवीला दशभुजा गणेशाला निवांत गेलो, बाराच्या पुढेच तवसाळच्या धक्क्यावर आलो आणि जयगडला अशा थाटात उतरलो की हे बोटीवरच्या माणसाला सलाम करून आले. गणपतीपुळ्याला एमटीडीसीच्या आवारात मोठ्या पिनेचा प्लग मिळाला. त्या एका रात्री एसी पहाटेपर्यंत चालला. मला थंडी वाजली.

परतीचं फारसं सांगण्यासारखं नाही. आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, आणि मग किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार टोलनाके. एकूण ७४२ किलोमीटर, ८३ लिटर डिझेल, लिटरला जेमतेम नऊ. रात्री नऊला गाडी परत केली.

अनामतीतून ६,२०० रुपये कापले. 'सांडपाणी व्हॉल्व्ह बदल व मजुरी.' तोटी आमच्या हातून फुटली, पैसे देणं लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी फुटलेली तोटी पिशवीत घालून बोहरी आळीत गेले. तिसऱ्या दुकानात तशीच मिळाली. दीड इंची, ३८० रुपये. वर तीन मीटर लवचिक नळी, २४० रुपये. दोन्ही पावत्या आणि तोटी घेऊन कंपनीच्या टेबलावर ठेवल्या, आणि म्हटलं, ह्यात तुमचा प्लंबर, त्याचा चहा आणि तुमचा नफा घालून आकडा सांगा. चाळीस मिनिटं लागली. ४,००० परत मिळाले. आवाज कुणीही चढवला नाही.

दोन दिवसांनी मोबाईलवर संदेश आला. 'आम्हाला पाच तारे द्या आणि पुढच्या सहलीवर १० टक्के सवलत मिळवा.' मी तीन दिले. संध्याकाळी त्या गोड मुलाचा फोन. "मॅडम, उरलेल्या दोनसाठी काय करू?"

मी म्हटलं, एक तारा नळीचा. प्रत्येक गाडीत तीन मीटर नळी ठेव, आणि ज्या घरांत, हॉटेलांत पाणी सोडू देतात त्यांची यादी फोन करून बनव, गुहागरचा एक पत्ता मी देते. दुसरा भरतीचा.

"नळी उद्याच आणतो," तो म्हणाला. "भरतीचं ते जरा परत सांगता का? थांबा, पेन घेतो."

मी परत सांगितलं. तिथी गुणिले तीन.

"तिथी कुठे बघायची मॅडम?"

"तुझ्या टेबलामागे भिंतीवर कालनिर्णय आहे," मी म्हटलं. "जानेवारीवरच अडकलंय, पान उलट आधी."